बावीसच्या बावीस

“पण सही का नाही, मॅडम?”

केतकीनं आपल्या प्रबंधाच्या कागदांची चळत पुढं धरली. हमीदा मॅडमनी कागदांना हातसुद्धा लावला नाही.

केतकी म्हणजे फिजिओथेरपी कॉलेजातली शेवटच्या वर्षाची पोर. हमीदा मॅडम तिच्या गुरू. लोकांचे गुडघे नि कंबरा चालत्या करण्यात तीस वर्षं घालवलेली बाई. आणि मी तिथंच, कॉलेजच्या दवाखान्यातल्या पलंगावर, गुडघ्यावर शेकाची पिशवी घेऊन आडवी. दोघी माझ्या डोक्यावरून बोलत होत्या.

“चाळीस शोधनिबंध वाचलेत मी,” केतकी म्हणाली. “सगळे परदेशातले. त्यांतून निवडून हा व्यायाम काढला. बावीसच्या बावीस बायका बऱ्या झाल्या! उद्या सगळ्या कॉलेजापुढं वाचायचंय. तुमची सही नसेल तर माझं नावच पुकारणार नाहीत.”

“व्यायाम किती जणींना दिला होतास?”

“...तीस.”

“मग आठ कुठं गेल्या?”

“यायच्याच बंद झाल्या. न येणाऱ्यांना कसं धरणार, मॅडम?”

मॅडम माझ्याकडे वळल्या.

“आक्का, गुडघा कसा आहे?”

“झकास!” मी म्हटलं.

“बघा!” केतकीची मान अशी ताठ झाली. “ह्या आजी तर माझ्या बावीस जणींत पहिल्या. दुखणं आठावरून दोनावर. गुडघा एकशे वीस अंश वाकतो, मी स्वतः मोजलाय.”

मॅडमनी मावशींना चहा सांगितला. तीन कप आले. खोलीत खुर्च्या चांगल्या चार होत्या. पण मॅडमनी पदर खोचला आणि सरळ फरशीवर मांडी घातली. साठीला टेकलेली बाई!

“या आक्का,” म्हणाल्या, “खाली बसून चहा घेऊ.”

आता आली का पंचाईत!

पलंगावरून उतरले. कड धरली. थोडी वाकले. आणखी थोडी... आणि तिथंच अडकले. ना वर जाता येईना, ना खाली.

“आजी!” केतकी धावली.

“हळू गं! ओढतेस काय, मी काय पोतं आहे?”

दोघींनी मिळून मला खुर्चीत बसवलं. चहाला कुणी हात लावेना.

“आजी... तुम्ही तर दोन म्हणाला होता.” पोरीचा आवाज अगदी बारीक झाला.

“म्हणाले होते खरी. तू विचारायचीस, शून्य ते दहा, दुखणं किती? पहिल्या आठवड्याला मी म्हटलं आठ. दुसऱ्यालाही आठच म्हटलं, तर तुझं तोंड एवढंसं झालं. तिसऱ्याला सात म्हटलं, तर कशी फुललीस! मग मी दर आठवड्याला एकेक उतरवत आणलं. तुझी परीक्षा होती ना.”

“अहो, पण तुम्हाला बरं व्हायचं होतं ना?”

“मला विळीवर बसायचं होतं, बाई. चार महिने झाले, सून ओट्याशी उभी राहून सुरीनं भाजी चिरतेय. एवढाल्या फोडी! वांगं कुठलं नि बटाटा कुठला, चावल्याशिवाय कळत नाही. तू विळीचं कधी विचारलंच नाहीस.”

केतकी मॅडमकडे वळली.

“म्हणजे ते चाळीस निबंध खोटे?”

“त्यांत कुणी विळीवर बसत होतं?”

“...नाही. खुर्चीतून उठता येतं का, जिना चढता येतो का, एवढंच विचारलं होतं.”

“जेवढं विचारलं, तेवढ्याचं उत्तर खरं आहे.”

मला राहवेना. “त्या न येणाऱ्या आठांतली एक आमच्या गल्लीतली. येसू. बाजारात पोत्यावर बसून भाजी विकते.”

“त्यांना खूपच त्रास होत असेल...”

“कसला त्रास? बरी झाली ती! म्हणून तर येत नाही. घरात चार पाट होते. एकावर एक रचले आणि त्यांच्यावर बसायची नि उठायची. आठवड्याला एक पाट कमी करायची. आता भुईवर बसते आणि गिऱ्हाइकाशी भांडायला ताडकन उठते.”

केतकीचे डोळे लकाकले. झटक्यात पेन बाहेर.

“मॅडम, मग मी हेच लिहिते! पाटांचा व्यायाम! उद्यापासून सगळ्यांना पाट!”

“येसूबाया किती?”

पेन हवेतच थांबलं.

“...एक.”

आणि पोर एकदम हसत सुटली. मॅडम हसल्या. मीही हसले, गुडघ्यासकट.

मग केतकी मॅडमच्या शेजारी फरशीवर बसली. पहिल्या पानावरचं ‘बावीसच्या बावीस’ खोडलं. लिहीत गेली आणि मोठ्यानं वाचत गेली.

“एकूण तीस जणी. आठ यायच्या थांबल्या. त्यांतली एक बरी झाली असं ऐकलं, मी पाहिलेलं नाही. बाकी सात जणींना विचारायचं राहिलंय. आलेल्या बावीस जणींना, खाली बसता येतं का, हे विचारलंच नव्हतं. एकीला येत नाही.”

थांबली.

“उद्या सगळे हसतील, मॅडम.”

मॅडमनी कागद ओढून घेतला आणि सही ठोकली.

“चहा पी. गार झालाय.”

केतकीनं एका घोटात कप संपवला आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

“आजी, तुमच्या घरी पाट किती?”

“आहेत पाच. का गं?”

“एकदा येऊन बघते. पण आता खरं सांगायचं. दुखलं तर दुखलं म्हणायचं.”

“सांगेन की. तू तोंड एवढंसं करणार नसलीस तर.”

कागद छातीशी धरून ती दारापर्यंत गेली. तिथून परत फिरली.

“मॅडम, तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं ना? आजींना खाली बसता येणार नाही म्हणून?”

मॅडम फरशीवरून उठल्या. खोचलेला पदर सोडला.

“मला कुठलं ठाऊक? म्हणून तर खाली बसले.”