टिपरीनं तिकीट खाल्लं

एक होती उंदरी. टिपरी तिचं नाव. एवढीशी, करंगळीएवढी.

शेजारी राहायचे कासवआजोबा. लांबच्या तळ्यात त्यांच्या नातीचं बारसं होतं. आजोबांनी छानसं नाव शोधलं. पत्रात लिहिलं. तिकीट चिकटवायला जीभ बाहेर काढली, नि तश्शीच डुलकी लागली!

टिपरी आली. तुरुतुरु, तुरुतुरु. तिकिटाला डिंकाचा वास! म्हणाली, "जरासंच चाखते."

कुरुम कुरुम... तिकीट फस्त!

अगं बाई! आता? तिकिटाशिवाय पत्र जाणार कसं? नाव पोचणार कसं? आजोबा स्वतः चालत निघाले, तर नात म्हातारी व्हायची!

टिपरीला अश्शी लाज वाटली, अश्शी लाज वाटली! आजोबांना न सांगताच पळाली पोस्टात.

"बगळेमामा, बगळेमामा, तिकीट द्या."

"कशाला गं?"

टिपरी पुटपुटली, "आजोबांचं तिकीट मी खाल्लं."

"अरे अरे अरे! तिकीट देतो, पण आधी शेंग आण."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"भुईमूगताई, भुईमूगताई, शेंग दे.
शेंग मामांना, मामा देतील तिकीट.
आजोबांचं तिकीट मी खाल्लं."

"शी शी शी! शेंग देते, पण आधी पाणी आण."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"विहीरमावशी, विहीरमावशी, पाणी दे.
पाणी ताईला, ताई देईल शेंग.
शेंग मामांना, मामा देतील तिकीट.
आजोबांचं तिकीट मी खाल्लं."

"खादाड कुठली! पाणी देते, पण आधी गाडगं आण."

टिपरीचे कान लाल लाल. जिथं जावं तिथं तेच सांगायचं! हसू नका रे, तुमच्यावर पाळी आली म्हणजे कळेल.

तुरुतुरु, तुरुतुरु.

"कुंभारीणकाकू, कुंभारीणकाकू, गाडगं दे.
गाडगं मावशीला, मावशी देईल पाणी.
पाणी ताईला, ताई देईल शेंग.
शेंग मामांना, मामा देतील तिकीट.
आजोबांचं तिकीट मी खाल्लं."

काकूनं चाक थांबवलं. "सगळ्यांना सांगितलंस. आजोबांना सांगितलंस का?"

टिपरीनं मान हलवली. नाही.

"गाडगं देते, पण आधी आजोबांना सांगून ये."

झाली का पंचाईत! पायच उचलेना. तुरु... तुरु... तुरु...

आजोबा शोधत होते. "तिकीट गेलं कुठं? वाऱ्यानं उडालं वाटतं!"

हो म्हटलं की सुटली! पण टिपरीनं डोळे घट्ट मिटले.

"वाऱ्यानं नाही, आजोबा. मी खाल्लं." आणि भोकाडच पसरलं.

आजोबांनी मान आत घेतली. बराच वेळ आतच. मग हळूच बाहेर काढली. "वाईट वाटलं मला. पण सांगितलंस हो! जा, नवं आण."

मग काय!

काकूनं दिलं गाडगं.
गाडगं मावशीला, मावशीनं दिलं पाणी.
पाणी ताईला, ताईनं दिली शेंग.
शेंग मामांना, मामांनी उघडली... मोठ्ठी वही!

अय्या! आंब्याचं तिकीट! मोराचं तिकीट! आगगाडीचं! बोटीचं!

"कोणतं देऊ?" मामांनी विचारलं.

टिपरी रडायचं विसरली. टुणकन उडाली. "बोटीचं! बोटीचं! तळ्यात जायचंय ना!"

टर्रर्र! मामांनी फाडून दिलं.

"आजोबा, बघा बोट!"

"झकास! आता लाव तूच."

"मी?" टिपरी लाजून मागं सरली.

"तूच. पण जीभ लाव हं, दात नको!"

टिपरीनं जीभ लावली. तिकीट चिकटवलं. आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

पत्र गेलं पेटीत, गोष्ट गेली पोटात!