जागा राखणारी कुंडी

वस्तू बोलायच्या त्या काळी, खोदकामासाठी मोठा रस्ता बंद झाला आणि साऱ्या गाड्या शेजारच्या गल्लीत शिरल्या. खोदताना पाइप फुटून नळही बंद पडले. आपल्या स्कूटरची जागा जाऊ नये म्हणून सबनीसकाकूंनी दारासमोर जास्वंदीची कुंडी मांडली. पुढे कुणी टायर ठेवला, कुणी मोडकी खुर्ची.

दुपारी पाण्याचा टँकर आला. "बाई, जरा सरकता का? मला वळता येत नाही."

"आधी त्या खुर्चीला सांगा," कुंडी तोऱ्यात म्हणाली.

खुर्चीने टायरचं नाव घेतलं, टायरने कुंडीचं. टँकर आला तसा मागे गेला.

संध्याकाळपर्यंत कुंडीतली माती तडकली. "काकू, थोडं पाणी घालता?"

काकूंनी रिकामी बादली दाखवली. "आज टँकर आलाच नाही गं. तू जागा मात्र छान राखलीस."