पुस्तकातला सूर्य

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा एका राज्यात एक लांबलचक डोंगर होता. डोंगराच्या अल्याड राजधानी आणि पल्याड पाच-पंचवीस खेडी. राजधानीतल्या लोकांच्या लेखी ही खेडी असून नसल्यासारखी.

राजधानीत एक शास्त्रीबुवा राहत. विद्वान, सरळमार्गी आणि थोडे हट्टी. राजाने त्यांना आज्ञा केली, "राज्यातल्या सगळ्या शाळांसाठी एकच पुस्तक लिहा आणि त्यावर परीक्षा घ्या. जिथे निम्मी मुलं नापास होतील, ती शाळा बंद. मठ्ठ पोरांपायी पंतोजी कशाला अडकवून ठेवायचा?"

शास्त्रीबुवा माडीवर बसले. खिडकीतून जे दिसलं, तेच त्यांनी पहिल्या ओळीत लिहिलं: 'सूर्य डोंगरामागून उगवतो आणि नदीत मावळतो.' ओळ त्यांना इतकी आवडली, की परीक्षेतला पहिला प्रश्नही त्यांनी तिच्यावरच काढला; तो चुकला की मूल नापास. मग उत्तरांची यादी देऊन त्यांनी शिष्यांना गावोगावी धाडलं.

राजधानीतली पोरं धडाधड पास झाली. पल्याडच्या अकरा शाळांना मात्र कुलूप लागलं. शास्त्रीबुवांना वाईट वाटलं, नाही असं नाही; पण डोक्यातच नसेल तर आपण तरी काय करणार, असं म्हणून ते जेवायला बसले.

बाराव्या गावच्या पंतोजीने निरोप पाठवला, "माझी मुलं मठ्ठ नाहीत. एकदा स्वतः येऊन पाहा." शास्त्रीबुवा चिडले, पण निघाले. मेण्यात बसल्या बसल्या डोळा लागला, आणि डोंगर कधी ओलांडला ते त्यांना कळलंही नाही.

दुपारी परीक्षा सुरू झाली.

"सूर्य कुठून उगवतो?"

"आमच्या बांधावरनं," एक जण म्हणाला. चूक.

"तळ्यातनं," कोळ्याची पोर म्हणाली. तेही चूक.

तिघांनी तेवढी पुस्तकातली ओळ घडाघडा म्हणून दाखवली. शेवटी एक आंधळी मुलगी उभी राहिली. "आमच्या ओट्यावर बसलं ना, की तो सकाळी उजव्या गालावर उगवतो आणि सांजच्याला डाव्या गालावर मावळतो."

शास्त्रीबुवांबरोबर आलेले लोक खो खो हसले. शास्त्रीबुवांनी तिच्या नावापुढे फुली मारली.

वीस मुलांत तिघं पास. निकाल सकाळी वाचायचा ठरला.

सकाळी गावावर धुकं होतं. शास्त्रीबुवा स्नान करून सूर्याला अर्घ्य द्यायला तांब्या घेऊन बाहेर आले. पन्नास वर्षांच्या सवयीने पाय आपोआप डोंगराकडे वळले. डोळे मिटून, खड्या आवाजात त्यांनी मंत्र सुरू केला.

निकाल ऐकायला आलेली मुलं अवाक् होऊन पाहत राहिली. कालची तीन पास पोरं पुढे झाली आणि तीही हात जोडून डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. एवढ्या मोठ्या माणसाला सांगायचं कुणी?

तेवढ्यात शाळेच्या ओट्यावर बसलेली ती आंधळी मुलगी म्हणाली, "शास्त्रीबुवा, तुमचा आवाज तर डोंगराकडं चाललाय. ऊन इकडं माझ्या तोंडावर आलंय. मग तुम्ही पाणी देताय कुणाला?"

शास्त्रीबुवांनी डोळे उघडले. समोर त्यांचीच लांब सावली पडली होती. ते मागे वळले. धुकं विरलं होतं आणि सूर्य बांधावर हातभर वर आला होता.

लाजेने त्यांचा चेहरा उतरला. पास झालेल्या एका पोराला त्यांनी विचारलं, "बाळ, सूर्य कुठून उगवतो, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं की. पण आमचा सूर्य येगळा आणि पुस्तकातला येगळा. परीक्षेत पुस्तकातला सांगायचा असतो."

हे उत्तर शास्त्रीबुवांच्या फार जिव्हारी लागलं. ज्यांना आपण पास केलं, ते आपल्याकडून एवढंच शिकले होते. त्यांनी निकालाचा कागद फाडला, मुलीजवळ ओट्यावर बसले आणि म्हणाले, "चुकलो गं पोरी."

त्यांनी पुस्तक नव्याने लिहिलं. आता पहिली ओळ अशी होती: 'तुमच्या गावात सूर्य कुठून उगवतो, ते शोधा आणि आम्हाला सांगा.' परीक्षकाने आधी आठ दिवस गावात राहायचं, मुलांबरोबर हिंडायचं आणि मगच प्रश्न काढायचे, असा नियम त्यांनी राजाकडून करून घेतला.

मग ते पायी बंद शाळांच्या गावी गेले. नऊ शाळांची कुलपं निघाली. उरलेल्या दोन गावांत त्यांनी दारोदार जाऊन हात जोडले, पण एकही मूल आलं नाही. वेशीवर ढोरं राखणारी एक मुलगी त्यांना शांतपणे म्हणाली, "आम्हाला न्हाई यायचं, आजोबा. आम्ही मठ्ठ आहोत. तुमच्याच माणसानं सांगितलंय."

लहानथोरांनी यातून घ्यायचं ते एवढंच: मुलाला प्रश्न विचारण्याआधी ते कुठे उभं आहे ते पाहावं; न पाहता दिलेला निकाल फाडता येतो, पण मुलाच्या मनातून पुसता येतोच असं नाही.