घागरीचं नाणं

फार फार पूर्वी, एका डोंगराळ राज्यात, हैबती नावाचा तांबट राहत होता. वर्षभर तो हंडे ठोकायचा, आणि राजधानीची जत्रा भरली की जुनी नाणी घ्यायला जायचा. त्यासाठी त्याची बायको पोटाला चिमटा काढून दहा रुपये साठवायची. दहाच्या वर एक कवडीही नाही, असं दोघांचं ठरलेलं होतं. म्हणून हैबती घाईने काही घेत नसे. नाणं उन्हात धरायचा, उलटसुलट बघायचा, कुठून आलं ते विचारायचा, आणि मगच कनवटीला हात घालायचा.

त्या वर्षी एका व्यापाऱ्याच्या पालापुढे खूप गर्दी होती. मखमलीवर तांब्याची चकचकीत नाणी मांडलेली होती, आणि प्रत्येकावर एक घोडेस्वार. ही राज्याच्या पहिल्या राजाची नाणी, असं व्यापारी सांगत होता. एकाला पाच रुपये. दरबारातल्या एका सरदारांनी तिथल्या तिथे चाळीस नाणी घेतली. त्यांतलं एकही त्यांनी उलटून पाहिलं नाही.

मोह हैबतीलाही झाला. दहा रुपयांत पहिल्या राजाची दोन नाणी घरात आली असती. त्याने एक उचललं आणि त्याचा हात थबकला. जन्मभर तांबं घासलेला माणूस तो. चिंच आणि राखेने कालपरवा आणलेली चमक त्याला लगेच ओळखू आली. त्याने दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. प्रत्येक घोड्याच्या शेपटीला एकाच जागी खाच होती. आणि घोड्याच्या पोटाखाली, नीट पाहिलं तर, पुसट असा घागरीचा काठ दिसत होता.

हैबतीने मान उचलली. व्यापाऱ्याच्या पाठीमागे एक टोपली होती. तिच्यात काळवंडलेली, झिजलेली नाणी होती, आणि त्यांवर घागर होती.

ही घागर तांबटआळीत म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होती. एका दुष्काळात एका विधवा राणीने तलाव खोदायला काढले आणि मजुरांना रोजच्या रोज मजुरी मिळावी म्हणून ही नाणी पाडली. तिच्यामागून तिचे दीर गादीवर आले. बाईने राज्य केलं हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी तिचं नाव दरबारच्या वंशावळीतून खोडून टाकलं, आणि हळूहळू लोकही ते विसरले. तिची खूण उरली होती ती एवढ्या नाण्यांवर. आणि हा व्यापारी ती तापवून, सपाट ठोकून, त्यांच्यावर खोटा घोडा उमटवत होता.

हैबतीच्या अंगाची लाही लाही झाली. त्याने सरदारांना शेपटीची खाच दाखवली, घागरीचा काठ दाखवला. सरदारांनी नाण्याकडे पाहिलंच नाही. जमलेल्या लोकांकडे पाहिलं, आणि भांडी ठोकणाऱ्याने आपल्याला नाणी शिकवू नयेत, असं सुनावून ते निघून गेले.

व्यापाऱ्याने मात्र काही नाकारलं नाही. तो म्हणाला, "राणीचं नाणं कोणी अधेलीलाही घेत नाही. राजाच्या नाण्याला पाच रुपये येतात. ज्यांना हवंय त्यांना मी देतो. यात माझं काय चुकलं?"

"तू एक बाई दुसऱ्यांदा पुसतोयस," हैबती म्हणाला.

"मग घे की विकत. तुला म्हणून रुपयाला एक. उरतील ती उद्या भट्टीत जातील."

टोपलीत शंभराच्या वर नाणी होती आणि कनवटीला दहा रुपये. हैबती जमिनीवर बसला. नाणी लहान होती आणि ठसा मोठा, त्यामुळे पूर्ण मजकूर एकावरही उमटला नव्हता. कुठे वर्षाचा आकडा होता, कुठे तलावाचं नाव, कुठे राणीच्या नावाचं एखादं अक्षर. त्यातली सुबक नाणी त्याने बाजूला सारली. एकावर जे आहे तेच दुसऱ्यावर असेल, तर दुसरं घ्यायचं नाही, असं त्याने ठरवलं. कडा तुटलेलं एक घेतलं, कारण त्यावर वर्ष होतं. भोक पाडलेलं घेतलं, कारण त्यावर एका तलावाचं नाव होतं. व्यापारी हसत होता. दहा नाणी निवडून झाली तेव्हा दोन वर्षं कळत होती, चार तलाव कळत होते, आणि राणीच्या नावाची शेवटची दोन अक्षरं लागत होती: 'वती'. पहिली अक्षरं अजून सापडली नव्हती, पण पैसे संपले होते आणि टोपलीचा तळ बघायचा राहिला होता.

घरी येऊन त्याने सगळं बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातला नवा हंडा पुढे ओढला.

"दहाच्या वर नाही, हे मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "आता मीच सांगते, हा विका आणि राहिलेली घेऊन या."

दुसऱ्या दिवशी हंडा विकून हैबती पोचला, तेव्हा टोपली रिकामी होती. भट्टीतला विस्तव अजून धगधगत होता. सरदारांनी आणखी शंभर घोडेस्वार मागवले होते, सगळे एकसारखे. हंड्याचे पैसे हैबतीला हातात जड झाले.

पुढे नवा राजा गादीवर आला. टांकसाळीच्या दारावर त्याला आपल्या सगळ्या पूर्वजांची नावं कोरून घ्यायची होती, म्हणून त्याने जुनी नाणी मागवली. सरदारांनी चांदीच्या पेटीतून एकशेचाळीस आणली. टांकसाळीच्या कारभाऱ्याने त्यांतली चार चाळली आणि पेटी मिटली. हैबतीने फडक्यातून दहा आणली. घोड्यांखाली काय पुसलं गेलं तेही त्याने सांगितलं, आणि कारभारी ती नाणी दिवसभर वाचत बसला.

राणीचं नाव दारावर लागलं, पण अर्धंच. ती पद्मावती होती, की चंद्रावती, की आणखी कोणी, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. राजाने सरदारांना रोज सकाळी त्या दारापुढे उभं राहून आपल्या एकशेचाळीस नाण्यांतून राणीच्या नावाची उरलेली अक्षरं शोधायला लावली. ते मरेपर्यंत शोधत होते.

जो न बघता विकत घेतो, तो नुसता फसत नाही, खऱ्याचा नाश करायला पदरचे पैसे देतो.