ठिपकीला गोड हवं

ठिपकी नावाची मुंगी होती. तिने साखरेचा एक कण आणला. वाटेत तो पाण्याच्या वाटीत पडला. टुपुक! विरघळूनच गेला. बिळात धाकटी बहीण रडत होती, "गोड हवं, गोड!"

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

नाचणीचा दाणा भेटला. ऐटीत बसला होता.
"दाणेकाका, दाणेकाका, बहीण गप्प बसेना! गोड द्या ना."
"माझ्याकडे पीठ आहे, गोड नाही. माझ्या पोटातला विकर पीठ कातरून गोड करेल, तर देईन."

विकर दाण्याच्या पोटात राहायचा. प्रथिनाचा एवढुस्सा गोळा, पण कातरण्यात पटाईत! आत्ता झोपला होता.
"विकरदादा, विकरदादा, दाणा गोड देईना, बहीण गप्प बसेना!"
"कोरडा पडलोय गं. पाणी आलं, तर कातरीन."

तुरुतुरु तुरुतुरु.
"पाणीबाई, पाणीबाई, विकर कातरेना, दाणा गोड देईना, बहीण गप्प बसेना!"
"आपणहून जायची आमच्यात पद्धत नाही. शेवंतामावशी ओतेल, तर जाईन."

तुरुतुरु तुरुतुरु. मावशी फोनवर बोलत होती.
"मावशी, मावशी, पाणी हलेना, विकर कातरेना, दाणा गोड देईना, बहीण गप्प बसेना!"
"थांब गं! महत्त्वाचं चाललंय. शेजारणीची भाजी करपली! फोन थांबला, तर उठेन."

"फोनबा, फोनबा, मावशी उठेना, पाणी हलेना, विकर कातरेना, दाणा गोड देईना, बहीण गप्प बसेना!"
"मी कामात आहे. मावशी सोडेल, तर थांबेन."

आता आली का पंचाईत! ठिपकी चिडली. सरसर मावशीच्या हातावर चढली. सरसर कानापाशी गेली. चट्ट!

"आई गं!" फोन पडला, धप्प! मावशी उठली. "अगं बाई, नाचणी भिजवायची राहिलीच!" पाणी ओतलं, भळभळ. दाणा फुगला, टम्म. मावशीने फडक्यात बांधून उबेला ठेवला. एक दिवस गेला. दोन दिवस गेले. विकर उठून कामाला लागला. कच कच कच! पिठाचे झाले तुकडे. तुकडे झाले गोड गोड. कोंब फुटला, टुक्!

"मी थांबलो म्हणून!" फोन म्हणाला.
"मी ओतलं म्हणून!" मावशी म्हणाली.
"मी गेले म्हणून!" पाणी म्हणालं.
"मी दिलं म्हणून!" दाणा म्हणाला.

"विकरदादा, तुम्ही का गप्प?" ठिपकीने विचारलं.
विकर होता तेवढाच होता. झिजला नव्हता, संपला नव्हता.
"बोलू कधी गं? पुढचं पीठ आलं की!" कच कच कच!

ठिपकीने गोड तुकडा उचलला. तुरुतुरु बिळात नेला. बहिणीने चाटला, मच् मच् मच्. डोळे पुसले. आणि म्हणाली, "अजून!"