रंध्याची पाचर

रंधा चिडलेला तुम्ही कधी पाहिला आहे का? फार वर्षांपूर्वी भागोजी सुताराच्या पडवीत असा एक रंधा होता. त्याचे पाते सावरीच्या मऊ लाकडाच्या पाचरीने बसवलेले होते. सागावर तो सुरेख चालायचा. एक दिवस त्याच्यापुढे बैलगाडीच्या आसासाठी आणलेला धावड्याच्या कठीण लाकडाचा तुकडा आला.

"अरे, जरा तरी सोलून घे की!" रंधा वैतागून म्हणाला. "साग बघ कसा शहाण्यासारखा वागतो. तू म्हणजे नुसता दगड!"

"दादा, गाडीचं सगळं ओझं माझ्यावर येणार. मऊ राहून कसं चालेल?" धावडा म्हणाला. "आणि तुझं पातंच मागे सरकतंय. पाचर बघ."

"वा! म्हणजे खोट माझ्यातच? कोडगा मेला!"

भागोजीही कंटाळला. "जाऊ दे, उद्या या धावड्याला चुलीतच घालतो," म्हणत त्याने रंधा जमिनीवर आपटला. त्याबरोबर पाचर दुभंगली आणि पाते निखळून पडले. पाते मऊ पाचरीमुळेच सरकत होते, हे तेव्हा भागोजीच्या ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने धावड्याच्याच टोकाची एक ढलपी तासून रंध्यात नवी पाचर ठोकली आणि आस रंधून पुरा केला.