गाव जत्रेला गेलं त्या दिवशी

"…मग इतक्या वर्षांत आपण त्यांच्याकडून शिकलो तरी काय, बुवा?"

एवढं विचारून जयवंत धुरी मठाच्या भिंतीला टेकला. परदेशी कंपनीच्या इथल्या कारखान्याचा तो मुख्य. आपल्याकडचे कॉम्प्रेसर जगभर जातात, हे तो एरवी पायरीवर चपला काढता काढताच सांगून मोकळा व्हायचा.

आज मात्र त्याचं अवसान गळालं होतं. आराखडे तिकडून यायचे. यंत्र अडलं की तिकडचाच माणूस विमानाने येऊन ते उघडायचा. चार पोरं हाताशी धरून जयवंतने स्वतःचा कॉम्प्रेसर आखला, तर वरिष्ठांनी ते काम बंद करायला सांगितलं आणि त्यालाच परदेशात बढती देऊ केली. उद्या उत्तर द्यायचं होतं. नाही म्हणावं तर नोकरी जाणार, हो म्हणावं तर त्या पोरांना तोंड कसं दाखवायचं? विचार करकरून तो पार थकला होता.

निरंजनबुवा ऐकत होते. उपाशीपोटीच. बुवांचं जेवण म्हणजे खालच्या गावातली भिक्षा, आणि आज सगळं गाव कुलपं लावून शेजारच्या जत्रेला गेलेलं. झोळी रिकामीच परत आली होती.

कुणीतरी वाहिलेल्या शिध्यातलं ज्वारीचं पीठ बुवांनी परातीत घेतलं, मळलं आणि थापायला बसले.

पहिली भाकरी उचलतानाच फाटली. दुसरी तव्यावर मोडली.

जयवंतला हसू आवरेना. "बुवा, जन्मभर दारोदार बायकांना भाकरी थापताना पाहिलंत ना?"

"पाहिलं… फार सुरेख थापतात."

जयवंतचं हसू ओसरलं. म्हाताऱ्याची बोटं भाजली होती, दम लागला होता. त्याला वाईट वाटलं. ड्रायव्हरला नाक्यावर पाठवून गरम जेवण आणवतो, असं तो म्हणाला. बुवांनी नुसती मान हलवली आणि परात पुन्हा पुढ्यात ओढली.

"या वयात कशाला जीव दमवता? उद्या गाव परत येईल. झोळी भरेल."

बुवा पिठाचा गोळा हातात घेत म्हणाले, "म्हणून तर आजच शिकायची घाई आहे, बाबा."